माझ्याच लग्नाला माझी हरकत

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाचं लग्न ठरलं की बायका अजून माझ्याकडं बघून म्हणतात, "आधी हिला विचारा, हिची काही हरकत नाय ना?" मीही हसते आता. सहा वर्षांपूर्वी मात्र याच बायकांनी दोन महिने माझ्या बाकावर बसायचं टाळलं होतं. त्यामुळं त्यांचं हसणं मला जरा जास्तच गोड लागतं.

ज्यांना आमची रीत ठाऊक नाही त्यांना सांगते. आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्न ठरलं की ओळीनं तीन रविवार चर्चमध्ये पुकार होते. सूचना वाचताना वर-वधूची आणि त्यांच्या आईबापांची नावं घेतात, तारीख सांगतात आणि विचारतात, "या विवाहाला कोणाची हरकत असल्यास त्यांनी आत्ताच सांगावं." मग वाचणारा क्षणभर थांबतो. त्या क्षणात शेंबडी पोरंसुद्धा मान वळवून मागं बघतात. कुणीतरी उठावं, काहीतरी घडावं, असं सगळ्यांनाच मनातून वाटत असतं. माझ्या जन्मात तरी कुणी उठलेलं नव्हतं. उठले ती मीच, आणि तेही स्वतःच्या लग्नाला.

आम्ही शहराला लागून असलेल्या पडेगावला राहतो. मी आयटीआय करून शेंद्र्याच्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवतात तिथं, लागले. माझं काम ग्राइंडिंगचं. पोलादाचा ठोकळा मशीनच्या चुंबकावर बसवायचा आणि फिरत्या दगडाखाली इतका थोडा थोडा घासत न्यायचा की केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याचाही फरक राहता कामा नये. दोन वर्षांत माझा हात असा बसला की फोरमन अवघड काम आलं की सरळ माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. मला त्याचा गर्व होता. लपवून काय करायचं? हातात कसब असलं की माणूस थोडा ताठ चालतोच.

पण चर्चमध्ये मी ताठ नव्हते. साप्ताहिक सुट्टी फिरती, त्यामुळं दर तीन रविवारांतला एक पाळीत जायचा. उपासना साडेआठला, आणि मी तेव्हा कानात बोळे घालून मशीनपुढं उभी. पुढच्या रविवारी दारातच कुणीतरी विचारायचं, "मागच्या आईतवारी दिसली नाय?" विचारणाऱ्याला ठाऊक असायचं मी कुठं होते ते. वरून माझे पप्पा मंडळीचे पंच आणि सेक्रेटरी. शाळेत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. उपासनेला पाच मिनिटं उशीर झाला तर त्यांना दिवसभर जेवण गोड लागायचं नाही. त्यांची पोरगी रविवारी पोलाद घासते हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. ते न बोलणंच मला जास्त लागायचं.

अशात सिल्लोडचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, घर भाविक, मुलाची आत्या आमच्याच मंडळीतली. तिनंच जुळवून आणलं. मुलगा वाईट नव्हता, उगाच खोटं सांगणार नाही. एकच अट होती, आणि ती आत्यानं आमच्या घरात चहा पिता पिता सांगितली.

"पोरीनं कंपनी सोडावी. पुरुषांत उभं राहून पाळ्या करायच्या, आन् वरून उपासना बुडवायची, ख्रिस्ती घराला शोभत नाय ते."

पप्पांनी मान डोलावली. मी आत जाऊन आईला सांगितलं, "मी काम सोडणार नाय." आई म्हणाली, "आधी लग्न तं होऊ दे, मंग बघू." पप्पांपाशी गेले तर ते म्हणाले, "प्रार्थना कर." इतरांच्या घरात 'बघू' म्हटलं की विषय संपतो, आमच्या घरात 'प्रार्थना कर' म्हटलं की संपतो.

पण मी खरंच प्रार्थना केली. आणि इथंच माझी चूक झाली, अशी चूक जी आमच्यातलंच माणूस करू शकतं. लहानपणापासून आमच्या कानावर एकच, की देवाला खूण माग, तो खूण देतो. मी गुडघे टेकून मागितलं, "प्रभू, हे लग्न तुझ्या मनात नसेल तर पुकारीच्या वेळी कुणाला तरी उठव. कुणीच उठलं नाही तर मी समजेन की कारखाना हाच माझा अपराध होता, आणि मशीन सोडून देईन." मला वाटलं, किती शहाणा सौदा! निर्णय देवाचा, बोलणं दुसऱ्याचं, आणि मी नामानिराळी.

पुकारीसाठी मी तिन्ही रविवारी सुट्टी बदलून घेतली. पहिल्या रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी पुकार वाचली. मी डोळे मिटून घेतले. कुणी उठलं नाही. दुसऱ्या रविवारी मी डोळे उघडे ठेवून एकेका बाकावरच्या माणसाकडं बघितलं. कोण उठणार होतं आणि कशासाठी? लोक मिटक्या मारत लग्नाच्या बिर्याणीची वाट बघत होते. तोवर लग्नाची पांढरी साडीही आणून झाली होती. कारखान्यात मी राजीनामा लिहून डब्याच्या पिशवीत ठेवला होता. त्या आठवड्यात माझ्या हातून दोन ठोकळे बिघडले. फोरमन जाडी मोजायचं मायक्रोमीटर माझ्यापुढं ठेवून गेले.

तिसऱ्या रविवारी पाळकसाहेब एका खेड्यातल्या मंडळीत बाप्तिस्म्याला गेले होते. त्यामुळं सूचना सेक्रेटरींनी वाचायच्या, म्हणजे माझ्या पप्पांनी. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. स्वतःच्या पोरीची पुकार स्वतः वाचायची, मोठ्या मानाची गोष्ट. चष्मा पुसून त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, माझं नाव घेताना जरा हळवे झाले, आणि विचारलं, "कोणाची हरकत असल्यास त्यांनी आत्ताच सांगावं."

मी आजूबाजूला बघितलं. कुणी उठत नव्हतं. मला एकदम स्वतःचा राग आला. इतक्या मोठ्या चर्चमध्ये हरकत असलेलं माणूस एकच होतं आणि ते दुसऱ्या कुणी उठायची वाट बघत होतं! माझं काम करायला देवानं दुसरा माणूस कशाला शोधायचा? त्यानं मला तोंड दिलं होतं, ते कशासाठी?

मी उठून उभी राहिले. आईनं पदर ओढला, मी सोडवून घेतला.

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना 'खाली बस' म्हणता आलं असतं. दुसरीकडं बघून पुढची सूचना वाचता आली असती. कुणी त्यांना दोष दिला नसता. ते कागद हातात धरून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "आपली हरकत काय आहे?"

जन्मात पहिल्यांदा पप्पा मला 'आपली' म्हणाले. त्या जागी ते बाप नव्हते, सेक्रेटरी होते, आणि मी मंडळीतली एक सभासद.

मी म्हणाले, "मला हे लग्न करायचं नाय. मला माझं काम सोडायचं नाय. ते काम देवानं मला दिलंय, असं मी मानते. तसं नसतं तं त्यानं माझ्या हाताला ते येऊच दिलं नसतं."

खरं तर अशी हरकत हरकतीत बसत नाही. कुणाचं आधीच लग्न झालेलं असावं, नातं जवळचं असावं, असं काहीतरी लागतं. मागून कुणीतरी तसं म्हणालंही. पप्पांनी त्या आवाजाकडं लक्ष दिलं नाही. खिशातून पेन काढून त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. लिहिलेलं एकदा वाचून त्यांनी पेनाला टोपण लावलं, ते मी पाचव्या बाकावरून बघत होते. मग म्हणाले, "ही पुकार इथं थांबवण्यात येत आहे." आणि लगेच पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला. गीत कुणालाच धड म्हणता आलं नाही. पेटीवाला एकटाच शेवटपर्यंत वाजवत राहिला.

बाहेर फाटकापाशी मुलाच्या आत्यानं पप्पांना गाठलं. "भर देवळात नाक कापलं तुमच्या पोरीनं! आन् तुम्ही लिहून घेतलं? दटावून खाली बसवता येत नव्हतं तिला?"

पप्पा म्हणाले, "आपण दर लग्नाला इचारतो, बाई. आज कुणीतरी उत्तर दिलं. इचारलं तं ऐकावं लागतं."

मी चार पावलांवर उभी होते. ते वाक्य मी जपून ठेवलंय. माझा बाप कारकून होता, पण त्या दिवशी त्या फाटकात त्याच्याएवढा मोठा माणूस मला दुसरा दिसला नाही.

म्हणून घरी सगळं सुरळीत झालं असं समजू नका. पप्पांनी पंचपद सोडायची चिठ्ठी दिली. पाळकसाहेबांनी ती परत केली. सिल्लोडला जाऊन पप्पांनी मुलाच्या घरच्यांची हात जोडून माफी मागितली, एकट्यानं. परत आल्यावर माझ्याशी बोलणं म्हणजे 'जेवली का' आणि 'दार लाव' एवढंच. मी राजीनामा फाडला, कामाला जात राहिले, रविवारी सुट्टी असली की चर्चला जाऊन पाचव्या बाकावर एकटी बसले. ते एकटं बसणं सोपं नव्हतं. कारखान्यात मला वाटायचं देव माझ्याबरोबर आहे; चर्चमध्ये, जिथं तो असायलाच पाहिजे, तिथं मात्र त्याला शोधावं लागायचं. पण मी जागा सोडली नाही. लोकांनी उठवावं एवढी मी स्वस्त नव्हते. पांढरी साडी पडून होती, ती पुढं नाताळला मीच नेसले. आई म्हणाली, "लाज कशी वाटत नाय?" म्हटलं, "साडीनं काय पाप केलंय?"

पुकारीनंतर महिन्याभरानं खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्या टूलरूममध्ये मशीनं धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घालतात, नारळ फोडतात. माझ्या शेजारच्या लेथ मशीनवरचे दादा बौद्ध. तेही पूजा करत नाहीत, मीही नाही. आम्ही दोघं आपापलं मशीन आरशासारखं लख्ख करतो आणि पेढे मात्र सगळ्यांच्या बरोबरीनं खातो. त्या वर्षी मी पेढा हातात घेऊन बघत राहिले. फोरमननं आपली हत्यारं देवापुढं मांडली होती, डोळे मिटून हात जोडले होते. माझ्या मनात आलं, याचं काम याच्या देवापुढं जातं. माझं काम मी माझ्या देवापुढं कधी नेलं? दर वेळी चर्चच्या दारात चपलांबरोबर बाहेर ठेवूनच आत गेले.

पुढच्या महिन्यात आमचा हंगामाचा सण होता. त्या रविवारी लोक आपल्या कष्टाचं पहिलं पीक देवाला आणतात. खेड्याकडचे ज्वारी, मका, कापूस, भोपळे, एखादी कोंबडी. शहरातले मंडईतून विकत घेतलेली भाजी. आमच्या घरून दर वर्षी विकतची कोबी जायची. मी फोरमनकडं भंगारातला पोलादाचा एक तुकडा मागितला. जेवणाच्या सुट्टीत चार दिवस तो घासला. सहाही बाजू अशा आणल्या की त्यात तोंड दिसावं. गेटवर पास दाखवला तेव्हा वॉचमनमामांनी ठोकळा उलटून पालटून बघितला. "कशाला गं हे, ताई?" म्हटलं, "देवाला." त्यांनी तो कपाळाला लावून परत दिला.

त्या रविवारी मी रांगेत उभी राहिले. पुढच्या बाईच्या हातात पपई, मागच्या काकांच्या हातात मक्याची कणसं, माझ्या हातात पोलाद. वस्तू घेऊन मेजावर मांडायचं काम पप्पांकडं होतं. माझी पाळी आली तेव्हा मागून काका बोललेच, "हे कोणतं पीक म्हणायचं?"

पप्पांनी ठोकळा हातात घेतला. अंगठा फिरवून बघितला, एकदा, पुन्हा एकदा. त्यांनी माझं काम पहिल्यांदाच हातात धरलं होतं. त्यावर अंगठ्याचा डाग उमटला, तो त्यांनी स्वतःच्या सदऱ्यानं पुसला. मग भोपळा बाजूला सरकवून तो मेजाच्या मधोमध ठेवला.

अर्पणाची प्रार्थना सेक्रेटरींनी करायची असते. पप्पांनी डोळे मिटले, आम्हीही मिटले. त्यांनी ज्वारीसाठी आभार मानले, मक्यासाठी मानले, कापसासाठी, पावसासाठी मानले. मग थांबले. आणि माझ्या बापानं सगळ्या मंडळीदेखत देवाला सांगितलं, "आन् माझ्या लेकीनं आणलंय, प्रभू. तिनं सोताच्या हातानं केलंय. घे."