एका वेळी एकच पैगाम

जुबेदा आपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुरमईला हळद-मीठ चोळत होते. हात बरबटलेले, म्हणून सुनेने फोन माझ्या कानाशी धरला. पलीकडून आपाचा मुलगा म्हणाला, "खाला, ममा इज नो मोर." आमची पोरं रडतातसुद्धा इंग्रजीत. आणि मी काय विचारावं? "नाश्ता केला होता का रे तिने?" ऐंशी वर्षांच्या बाईला बहीण गेल्यावर एवढंच सुचलं. शारजातल्या अल मजाजहून दुबईतल्या अल कुसैसला, तिच्या घरी, पोचेपर्यंत त्या दिवशीच्या ट्रॅफिकने दीड तास खाल्ला. मी पोचले तेव्हा तिला न्यायची तयारी झाली होती. चेहरा दाखवला. मला तिचे हात बघायचे होते... पण ते कफनात गेले होते.

परवा चाळिसावा झाला. आलेला प्रत्येक जण सांगून गेला की आपा किती शांत, किती समाधानी बाई होती. मी मान डोलवत बिर्याणी वाढत राहिले. समाधानी! ती अजिबात समाधानी नव्हती. आणि ती तशी का नव्हती हे ज्यांना माहीत होतं त्यांतली आता मी एकटीच उरले आहे. माझ्यानंतर आपाला सगळे खुशाल शांत म्हणतील. म्हणून हे लिहून ठेवते.

आपा माझी चुलत बहीण, चार वर्षांनी मोठी. साठच्या दशकातली गोष्ट सांगते आहे. तेव्हा यूएई नावाचा हा देश नव्हताच. दुबई होती, शारजा होती, मधे वाळू होती. तिचे वडील, माझे बडे अब्बा, मूळचे रत्नागिरीकडचे हाडवैद्य. इथे दुबईत देऱ्याच्या खाडीवर लाँचमधून उतरणाऱ्या मालावर मुकादम होते, पण खलाशी त्यांना ओळखायचे ते निखळलेला खांदा बसवणारा माणूस म्हणून. आपाला हात त्यांचाच आला होता. बायका आणि लेकरं पडद्यामागे तिच्याकडे यायची. ती डोळे मिटून हाडावरून बोटं फिरवायची, मधेच पेशंटला "काल काय शिजवलं होतंस गं?" असं विचारायची, आणि बाई "मसूर" म्हणेपर्यंत कट् असा आवाज होऊन काम झालेलं असायचं. वर मुंबईला हॉस्टेलात राहून बी.एस्सी. झालेली. आमच्या खानदानातली पहिली. आणि मी? मी कॉन्व्हेंटातून मॅट्रिक झालेली, सतरा वर्षांची, अब्बांच्या दुकानातल्या टाइपरायटरवर दोन बोटांनी टकटक करणारी. माझं इंग्रजी अव्वल आहे असं घरात दोघांचं मत होतं. त्यातली एक मी.

तेल कंपनीच्या दवाखान्यात एक अमेरिकन डॉक्टर होता. शेजारणीच्या मुलीचं कोपर आपाने बसवलं होतं, तरी भीतीपोटी तिची आई तिला त्याच्याकडे घेऊन गेली. त्याने कोपर पाहिलं, आणि हे कुणी केलं म्हणून विचारत थेट आमच्या दारात आला. मग त्याने आपाला सांगितलं की त्याच्या देशात डॉक्टरकीची अशीही कॉलेजं आहेत जिथे औषधं आणि ऑपरेशन तर शिकवतातच, पण हाडा-स्नायूंवर हाताने उपचार करायलाही शिकवतात. ऑस्टिओपथी म्हणतात त्याला. तो स्वतः तिथलाच शिकलेला. आपाने त्या दिवशी जेवताना तीनदा पाणी सांडलं. बडे अब्बा तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हात माझा आहे, त्याच्यावर शिक्का मात्र सरकारी बसू दे. जा." बापाचा होकार! त्या काळात अर्धं जहाज तिथेच किनाऱ्याला लागत असे.

डॉक्टर सुट्टीवर मायदेशी निघाला होता. जाण्यापूर्वी त्याने पाच कॉलेजांची यादी दिली, आणि प्रत्येकाच्या नावाने एक अशी शिफारसपत्राची पाच बंद पाकिटं. पाच पाकिटं! आंधळ्यालाही कळलं असतं की पाच ठिकाणी अर्ज करायचा आहे. पण आंधळ्याकडे माझ्यासारखी अक्कल नव्हती.

आम्ही पाचही ठिकाणी माहितीपत्रं मागवली, त्यांतली तीन आली. संध्याकाळी गच्चीवर चटई टाकून ती समोर मांडली, आणि मी आमच्या घरातल्या बायका स्थळं बघायच्या तशी कॉलेजं बघायला लागले. हे खानदानी, सगळ्यांत जुनं. याचा कागद जाड. याच्या गावात बर्फ फार, मुलीला सोसायचं नाही. तिसरं होतं तळ्याकाठच्या शहरातलं. त्यांच्या छापील पत्रकाच्या खाली तिथल्या कुणा बाईने शाईने दोन ओळी लिहिल्या होत्या, की तुमच्या वडिलांच्या कामाबद्दल वाचून आनंद झाला, तुमचा अर्ज आला तर आम्हांला फार बरं वाटेल. आपा तो कागद पुनःपुन्हा हातात घेत होती.

"हे बरं वाटतंय मला," ती म्हणाली.

"आपा, येडी आहेस का? इतकं आर्जव कोण करतं? ज्यांच्या मुलात खोट असते ते!"

"अगं, कॉलेज आहे ते. नवरा नाही."

"घर ते घरच. मुली मिळत नसणार त्यांना."

ती हसली. मला वाटलं, मी जिंकले.

सगळ्यांत जुन्या, जाड कागदाच्या कॉलेजाचा फॉर्म आधी भरायला घेतला. त्यात एक प्रश्न होता: तुम्ही आणखी कुठल्या कॉलेजांत अर्ज केला आहे? मी तो वाचला आणि माझे कान तापले. आमच्यात पैगाम, म्हणजे लग्नाची मागणी, एका वेळी एकाच घरी जाते. तिथून नकार आला की मग दुसरं दार. दोन घरी एकदम पैगाम धाडला असं कळलं तर दोन्हीकडून तोंड काळं. मी आपाला म्हटलं, "बघ, चौकशी करताहेत! पाच ठिकाणी फिरणारी मुलगी म्हणतील तुला. एक पाठवू. नकार आलाच, तर उरलेली आहेत की."

"डॉक्टरने पाच पाकिटं दिलीत, नसीम."

"मर्द माणूस आहे तो. त्याला काय कळतं यातलं?"

आपाने तो प्रश्न पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाली, "बरं. टाइप कर." आणि मी मोठ्या ऐटीत टाइप केलं: नन. ओन्ली युवर एस्टीम्ड कॉलेज. 'एस्टीम्ड'चं स्पेलिंग डिक्शनरीत बघितलं होतं. तेवढी हुशारी होती.

लोक विचारतील, मत्सर होता का? छे. मत्सराला थोडी तरी बुद्धी लागते. मी मनापासून तिची अब्रू सांभाळत होते... आणि खरं सांगायचं तर आपाचाही मला राग आहे. बी.एस्सी. झालेली बाई, सतरा वर्षांच्या पोरीचं ऐकते? पण फॉर्म वाचून तिचेही कान तापले असणार. आम्ही दोघी एकाच घरात वाढलेल्या.

डाक जायला दिवस, यायला दिवस. उत्तर आलं तेव्हा खाडीवर थंडी सुरू झाली होती. विनम्र पत्र होतं: या वर्षीच्या जागा भरल्या, तुम्हांला अन्यत्र यश मिळो. डॉक्टर सुट्टीवरून परतल्या परतल्या विचारायला आला. "बाकीच्या चार ठिकाणांहून काय कळलं?"

आपाच्या आधी मीच म्हणाले, "वुई सेंट ओन्ली वन, सर."

"वन? व्हाय?"

"आउट ऑफ रिस्पेक्ट, सर," म्हणत मी त्याला फॉर्ममधला तो प्रश्न सांगितला.

तो माणूस रागावला असता तर बरं झालं असतं. त्याऐवजी त्याने आपाला सावकाश समजावलं, की तो प्रश्न सगळीकडेच असतो, सगळेच पाच-पाच नावं लिहितात, आणि तळ्याकाठच्या कॉलेजातल्या त्या बाईंना त्याने स्वतः तिच्याबद्दल आधी कळवलं होतं. त्या अर्जाची वाट बघत होत्या. तिथली मुदत केव्हाच टळली होती. "नेक्स्ट इयर," तो म्हणाला. आपा "इन्शाल्ला" म्हणाली. तिचा आवाज आजही कानात आहे.

पुढचं वर्ष उजाडण्याआधी बडे अब्बांना लकवा झाला. त्यांचा उजवा हात गेला, आणि त्याबरोबर त्यांची हिंमत. मुलीला परदेशी धाडण्याऐवजी डोळ्यांदेखत उजवून टाकायची घाई झाली. रायगडकडून पैगाम आला, आमच्या घराने होकार दिला. लग्नानंतर दोन वर्षांनी तिच्या सासूने गप्पांच्या ओघात हसत सांगितलं, "आम्ही तीन घरी एकदम विचारलं होतं गं. तुमचा होकार पहिला आला." मी तिथेच बसले होते. आपाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसती पानाला चुना लावत राहिली.

एकदा, फक्त एकदा, मी तिच्याजवळ माफीचा विषय काढला. "खलास," ती म्हणाली. "तो विषय खलास." नवरा चांगला होता, मुलं चांगली निघाली. ती परत दुबईतच आली, अल कुसैसच्या बिल्डिंगीत पंचेचाळीस वर्षं राहिली. पुढे इथे कायदे आले. लायसन्स असल्याशिवाय कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. योग्यच आहे. एकदा जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचा छोकरा पडला, मनगट वाकडं झालं. आपा त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले, आणि त्याच्या आईला सांगत होती, "दवाखान्यात न्या, यल्ला, लवकर." तिची बोटं पाठीमागे हलत होती. मी मागच्या पायरीवर होते, मला दिसली.

मात्र बिल्डिंगीतल्या मुलांचे कॉलेजचे अर्ज ती भरून द्यायची. बारावी झाली की पोरं फॉर्म घेऊन तिच्या हॉलमधल्या टेबलाशी येऊन बसत. ती दहा-दहा, बारा-बारा कॉलेजं लिहायला लावी. आणि मी तिथे असले, की दर वेळी, मूल खुर्चीत टेकायच्या आत, माझ्याकडे न बघता म्हणे, "नसीम, तू आत जा. चहा टाक." आवाजात राग नसायचा. पंचेचाळीस वर्षांत एकदाही तिने मला त्या टेबलाशी बसू दिलं नाही. इतरांना वाटायचं, बहिणी-बहिणींचं किती छान जमतं, एक शिकवते, एक चहा करते.

चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी भांडी आवरायला थांबले होते. बेल वाजली. चौथ्या मजल्यावरची मुलगी, बगलेत लॅपटॉप. सुट्टीवरून आदल्या दिवशीच परतली होती, तिला काही माहीत नव्हतं. मी सांगितलं. ती रडली, पाणी प्यायली, आणि मग ओशाळून म्हणाली, "सॉरी खाला, पण डेडलाइन उद्याच आहे. मेडिसिन. तुम्ही बघाल का?" टेबलाशी बसून तिने यादी उघडली. चौदा कॉलेजं. "ममा सेज टू मेनी. कोणती काढून टाकू?"

मी चौदाही नावं वाचली. वाचता वाचता माझ्या डोक्यात लगेच सुरू झालं... हे फार लांब, याचं नाव ऐकलेलं नाही, हे फारच गोड बोलतंय. अजूनही! एवढं सगळं होऊनही!

"एकही काढू नकोस," मी म्हटलं.

आणि उठून आत गेले, चहा टाकला. साखर किती घालू हे विचारायलासुद्धा बाहेर आले नाही.