कॅलेंडरवरची टिंबं

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. देवासमोर उभी राहिले तरी तेवढं वगळूनच हात जोडले. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीट ठाऊक नाही.

वनिता माझी धाकटी जाऊ. नागभीडजवळच्या गावात आमची दोन घरं, अंगण एक. दुसऱ्या बाळंतपणात तिचं बीपी इतकं चढलं की झटके आले. तिसरं मूल जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. अंगात रक्त कमी म्हणून कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन पुढे ढकललं, तोवर पाळणा थांबवायच्या गोळ्या दिल्या. वनिता रोज जेवण झालं की गोळी घ्यायची आणि कॅलेंडरवर त्या तारखेला कुंकवाचं टिंब द्यायची. आधी गोळी, मग टिंब — यात कधी फरक नाही.

पण त्या बाळंतपणापासून ती मिटूनच गेली होती. भाताच्या रोवणीला बाया गाणी म्हणायच्या, ही चिखलात नुसती उभी. चुलीवर भात करपायचा आणि ही समोरच बसलेली असायची. मला बघवत नव्हतं, हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही.

मी तेव्हा शिलाईसोबत एका कंपनीच्या गोळ्या विकायला घेतल्या होत्या, मन हलकं करणाऱ्या. झाडपाल्याच्या म्हटल्यावर कोण भितं? सासूबाईंना कळलं असतं तर वेडाच्या गोळ्या म्हणून गावभर झालं असतं. म्हणून मी त्या बाटलीतून काढून रक्तवाढीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरल्या आणि मन हलकं होईल, एवढंच सांगून वनिताला दिल्या. बाटली माझ्याकडे राहिली. तिच्यावर बारीक इंग्रजीत लिहिलं होतं — पाळणा थांबवायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, त्यांचा असर कमी होऊ शकतो.

मी बी.ए. झालेली बाई. वाचलं होतं मी. द्यायच्या आधी वाचलं होतं.

मग का दिल्या? वनिता माझं पहिलं गिऱ्हाईक. ती हसायला लागली की गावातल्या बाया माझ्याकडे येणार होत्या. आणि ती हसली हो — महिनाभरात गुणगुणायला लागली, लेकरांना न्हाऊ घालताना त्यांच्याशी खेळायला लागली. मी किती मिरवलं मनातल्या मनात! पाळी चुकली तेव्हा अशक्तपणाने असेल, असं आम्ही दोघी म्हणत राहिलो. दवाखान्यात गेलो तेव्हा पाचवा महिना लागला होता.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणखी काही औषध सुरू होतं का? सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. वनिताने माझ्याकडे पाहिलं. मीच बोलले, "नाई, रक्तवाढीच्याच गोळ्या."

घरी दीर तिच्यावर चिडले, गोळी विसरलीस म्हणाले. तिने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. पानं उलटून उलटून दाखवली. एकही तारीख कोरी नव्हती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं — शिकलेली ना मी. आणि मी म्हणाले, "टिंब देल्लं असन, गोळी राह्यली असन. होते असं."

तिने कॅलेंडर हळूच खाली ठेवलं. बराच वेळ कुंकू लागलेल्या त्या बोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मीच इसरली असन."

सातव्या महिन्यात झटके आले, चंद्रपूरला नेलं. वनिता वाचली. मुलगी नाही वाचली. दवाखान्यात कापडात गुंडाळलेली ती मीच हातात घेतली होती — केस होते तिला, भरपूर.

माझ्या गोळ्यांनीच झालं का? मी कोणाला विचारलंच नाही. विचारायचं तर आधी सांगावं लागतं. बाटली मी तळ्यात टाकली आणि शिलाई तेवढी चालू ठेवली.

आता मलाही बीपी आहे. जेवण झालं की वनिता अंगण ओलांडून येते, माझ्या गोळ्या तिनेच हाती घेतल्या आहेत. गोळी देते, पाणी देते, कुंकवाचं बोट कॅलेंडरपाशी धरून थांबते.

"बाई, पयले गिळा, मंगच टिंब देतो. माह्यासारखं नोका करू."

मी गिळते. ती टिंब देते.