खांबाखालचं पाणी

…नाही गं, ती दुसरी रिपेका. पुलापाशी राहते ना, तिचं सांगतेय मी, पाओराची धाकटी बहीण. लिही.

तर दर सोमवारी ती नदीत उतरायची. पुलाखाली कौन्सिलनं एक खांब रोवलाय. त्या खांबापाशी बाटली उलटी बुडवायची, पाण्यातच फिरवून भरायची, झाकण घट्ट, मग बर्फाच्या डब्यात. दहा चाळीसची बस आली की डबा ड्रायव्हरच्या पायाशी. लान्स त्याचं नाव. बसही कौन्सिलची, नदीची तपासणीही कौन्सिलची, मग दोन तासांवरच्या शहरातून वेगळा माणूस कशाला पाठवतील? गुरुवारी पुलावर पाटी लागायची, पोहा नाहीतर पोहू नका.

रिपेकाला लांबचं दिसेनासं झालं आणि तिचं गाडीचं लायसन्स गेलं. तेव्हापासून खोऱ्याबाहेर पडायचं तर सोमवार, बुधवार, शुक्रवारची बस, नाहीतर पाओरा. घरही त्याच्याच जमिनीवर. दुकानात तोच नेणार, दवाखान्यात तोच. डुक्कर कापलं की पहिला वाटा तिच्या दारात. माणूस वाईट नाही गं.

त्या शनिवारी त्यांच्या आईच्या थडग्यावरचा दगड उघडायचा होता. वर्षभर कापडाखाली होता बिचारा. उत्तरेकडून दीडशे माणसं यायची, पोराबाळांसकट. आणि आपल्या मराएवर, वाडवडलांच्या सभाघरी, आलेलं पोर पुलावरून उडी मारल्याशिवाय परत गेलंय कधी?

आदल्या रविवारी पाओरा आला, शिंपल्यांची गोणी ओट्यावर टेकवली नि तिथंच बसला.

"गोठ्यामागचं तळं फुटलं," म्हणाला. शेणपाण्याचं तळं. "शुक्रवारच्या पावसात. सगळं नदीत गेलं, अजून झिरपतंय."

"कळवलंस?"

"कुणाला? माझं दूध बंद पाडायला? तू उद्या जरा वरच्या अंगाला जा. ओहोळ पडतो तिथं भर बाटली. चाळीस पावलंही नाहीत."

"खांब खाली आहे, दादा."

"खांबाला काय तोंड आहे सांगायला?"

तिनं गोणी आत नेली. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "मला सोडून तुला आहे कोण, वेडे?" प्रेमानंच म्हणाला. तेच तिला जास्त लागलं.

सोमवारी तिनं ओहोळाशी बाटली भरली. हो, भरली. डबा हातात घेताना लान्स म्हणाला, "आज पाणी काचेसारखं दिसतंय. घरी नेऊन चहा टाकू का?" ती हसली नाही. "दात दुखतोय वाटतं बाईचा," म्हणून तो निघून गेला. डबा गेला. आता तो परत मागवायची सोय नव्हती.

मंगळवारी आम्ही बायका मराएच्या स्वयंपाकघरात रताळी सोलत होतो. मीच विचारलं तिला, काय सांगू तुला, मीच. "रिपेका, पोरांना सोडायचं ना गं पाण्यात?"

"गुरुवारी पाटी लागेल."

"पाटीचं काय घेऊन बसलीस? पाणी तूच काढतेस ना, मग झालं."

तिच्या हातातलं रताळं सोलून सोलून सुपारीएवढं झालं तरी सुरी थांबेना.

घरी जाऊन तिनं कौन्सिलला फोन लावला. फोन म्हणे, बससाठी एक दाबा, नदीसाठी दोन दाबा. मी खोटं पाणी पाठवलं, त्याला काय दाबायचं? तिनं ठेवून दिला. दारासमोर भावाचं कुंपण, मागे नदी. उभी राहिली तशीच, चूलही पेटवली नाही.

बुधवारी बस पाओराच्या फाटकावरून गेली तेव्हा त्यानं हात केला. त्याला वाटलं, डोळ्याच्या डॉक्टरकडे चाललीय.

कौन्सिलात बससाठी नि नदीसाठी एकच खिडकी. तिथली पोरगी म्हणाली, "बसच्या पासाचं का, आजी? फुकट असतो तुम्हाला." कागदही सरकवला पुढं. हो म्हटलं असतं तर पास घेऊन घरी आली असती. कुणाला कळलं असतं?

"पास राहू दे," रिपेका म्हणाली. "सोमवारचं पाणी खांबाखालचं नाही."

"मग कुठलं?"

"वरचं. खांबाखाली शेण आहे."

"कुणाचं शेण?"

"माझ्या भावाच्या गाईंचं." मग त्या पोरीनं पासाचा कागद मागे ओढला नि फोन उचलला.

त्याच दुपारी कौन्सिलच्या गाडीतून दोघं आले, पाणी घेतलं, गोठाही बघून गेले. पुलावर 'पोहू नका'ची पाटी लागली. तळं नीट होईस्तोवर पाओराचं दूध न्यायला टँकर आला नाही. रिपेकाची बाटलीही काढून घेतली. खोटं पाणी पाठवणाऱ्याच्या हातात कोण देईल पुन्हा?

शनिवारी दगड उघडला. पाहुण्यांची पोरं अंगणात नळीच्या पाण्यात नाचली, एकही आजारी पडलं नाही. मग नाकाला नाक लावून भेटायची रांग लागली. पाओरा एकेकाशी थांबत, रडत पुढे येत होता. रिपेकापाशी आला, आणि तिच्या शेजारणीकडे वळला. रिपेका नाक पुढे करून तशीच उभी.

घर सोड म्हणाला नाही तो. ये पण म्हणत नाही. ती बसनं शहरात जाते नि त्याच बसनं परत येते, काम काही नसतं. तीन दिवस असे जातात. उरलेल्या चार दिवसांत काय करते, देव जाणे.

आता थंडी लागलीय. तिच्या अंगणात ओंडके पडलेत, फोडायला हात नाही. तू उद्या दूध आणायला पाओराकडे जाशील ना, तेव्हा हे त्याला वाचून दाखव. सगळं नको, दगड उघडला तिथून पुढं वाच. आणि सांग, त्या रांगेत मीही होते, मी पाहिलंय. कुऱ्हाड घेऊन जा म्हणावं तिच्याकडे. बोलला नाही तरी चालेल.