आमच्या पोट्टीचं सिलेक्शन

मी सीताबर्डीला साडीच्या दुकानात विकायला बसते. दिवसभर गादीवर बसून बायांना सांगते, "ताई, हा रंग तुमच्याच अंगावर उठतो." मग ती ताई सावळी असो, गोरी असो, की नुसती नवऱ्याची वाट पाहत टेकलेली असो. त्यामुळे आपल्याला कोणी गोड बोलून गंडवेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. माझी तारीफ केली असती तर मी ओळखलंही असतं. त्या लोकांनी माझ्या पोरीची केली, आणि तिथं माझी अक्कल चरायला गेली.

एका मॉलमध्ये लहान मुलांची फुकट ऑडिशन चालू होती. नवरा, पोरगी आणि मी, आम्ही तिघं तिथं फक्त थंड हवा खायला गेलो होतो. तंग कोटातल्या एका माणसानं माझ्या आठ वर्षांच्या पोरीला थोडं चालायला लावलं, नाव विचारलं, आणि मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, आपकी बच्ची में कुछ है."

आता हे "कुछ है" मला चांगलं ठाऊक आहे. ज्या साडीचा रंग धड नाही, काठ धड नाही आणि पोतही धड नाही, तिच्याबद्दल मीही असंच म्हणते. तरी त्या वेळी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोरीत काहीतरी आहे आणि आपण रोज तिला दप्तर आवर म्हणून बोंबलतो, याची लाज वाटली.

पुढचा कार्यक्रम वर्धा रोडवरच्या हॉटेलात, दोन दिवसांचा. त्याची फी ऐकून मी खुर्चीचा हात धरला. हुडकेश्वरहून सीताबर्डीला रोज बसमध्ये चेंगरून जाण्याचा मला वीट आला होता, म्हणून स्कूटीसाठी पैसे बाजूला टाकत होते. त्यातले अर्धे जाणार होते.

नवरा म्हणाला, "स्कूटीचं काय घेऊन बसली वं? पोट्टी उद्या टीव्हीत आली तर कारमधून फिरशील." त्यानं तोवर ऑफिसात पेढेही वाटले होते. पेढे वाटल्यावर माघार कशी घेणार?

पहिल्या दिवशी सगळ्या लेकरांना चालायला शिकवलं. हसायचं नाही, हात हलवायचे नाहीत, नजर समोर. आमची पोरगी एरवी घरात माकडासारखी उड्या मारते. तिथं ती अशी चालली, की कोणी तिच्या पाठीला फळी बांधली आहे असं वाटावं. माझ्या शेजारी एक चार वर्षांची चिमणी खोट्या पापण्या लावून आईच्या मांडीवर गाढ झोपली होती. तिची आई तिला हलवून म्हणत होती, "उठ बेटा, कॉन्फिडन्स दाखव."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही मायलेकी दोघीच गेलो. त्या दिवशी ज्यानं त्यानं आपली कला दाखवायची होती. आम्ही झाडं वाचवा यावर इंग्रजी भाषण घोटून घेतलं होतं. पोरगी स्टेजवर गेली, "गुड मॉर्निंग" म्हणाली, आणि थांबली. मी खालून ओठ हलवत होते. तिला काही आठवेना.

मग तिनं काय करावं? परीक्षकांच्या टेबलावरचा चकचकीत कपडा ओढला, पाण्याचा ग्लास पाडला, आणि तो कपडा खांद्यावर टाकून, पदर हातावर पसरून सुरू झाली.

"या ताई, बसा. घेऊ नका, नुसतं पाहा. पाहायचे पैसे नाही लागत. हात लावा, कपडा बोलते. रंग गेला तर मले येऊन सांगा, मी इथंच बसली राहतो." मग कोटवाल्याकडे वळली. "भाऊ, वहिनीले घेऊन जा. भांडण काहून झालं होतं ते विसरून जाईन ते."

आवाज माझा, मान वाकडी करायची पद्धत माझी, पदराची चुणी बोटांनी दाबणंही माझं. शाळेला सुट्टी असली की ती दुकानात माझ्या मागं बसते, ते सगळं बाहेर पडत होतं. हॉल हसून हसून लोळायला आला. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं सावकाश वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या अंगावरची साडी मीच विकली होती, याच शब्दांत. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, आणि त्याच वेळी उभं राहून सगळ्यांना सांगावंसं वाटत होतं, की ही माझी आहे.

कार्यक्रम संपल्यावर कोटवाल्यानं आम्हाला एका छोट्या खोलीत बोलावलं. "सबको नहीं बता रहे, मॅडम. मुंबई फायनल के लिए सिलेक्शन हुआ है. बस, उसकी फीस आज ही भरनी होगी." मी नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "हो म्हणून टाक, विचार काय करून राहिली?" मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात चहा आला. बिस्किटांसकट.

आमच्या दुकानात उगाच कोणाला चहा देत नाहीत. बाई पक्की पिकली, की मालक तिला आतल्या खोलीत बसवतात आणि चहा सांगतात. चहा घेतलेली बाई रिकाम्या हातानं उठत नाही, भिडेखातर तरी घेतेच. मी दाराबाहेर पाहिलं. बाकावर पापणीवाल्या चिमणीची आई बसली होती, तिच्यामागं आणखी आईबाप. पोऱ्या कपांचा भरलेला ट्रे घेऊन उभा होता. मी कप खाली ठेवला आणि पोरीचा हात धरून उठले.

मेट्रोत बसल्यावर तिनं विचारलं, "आई, मी सिलेक्ट झाली होती ना?"

"सगळेच झाले होते, बेटा."

ती खिडकीकडे पाहत बसली. तिचा एवढासा चेहरा पाहून माझा जीव तुटला. मी म्हटलं, "पण साडी तू भारी विकली. माझ्यापेक्षा भारी."

तिनं वळून माझ्याकडे नीट पाहिलं. "हे तू दुकानातलं बोलून राहिली का घरातलं?"

घरातलं, असं नुसतं म्हणून काय उपयोग होता? "ताई, घरातली समजून सांगते," असं तर मी दुकानातही शपथेवर म्हणते.

"घरातलं बोलू?" मी म्हटलं. "चालणं तुझं साफ खराब होतं. लाकडासारखी चालली तू."

तिचे डोळे भरून आले. मी काय करून बसले, असं मला झालं. तिनं बाहीला नाक पुसलं आणि सरकून मला चिकटून बसली.

"मंग साडीचं पुन्हा सांग," ती म्हणाली.