स्क्रीन नसलेला संगणक

वाचनालयातले संगणक ताई सांभाळायची. सगळे जुने, कुणी ना कुणी दिलेले. त्यांच्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीमही तशीच, जगभरच्या अनोळखी माणसांनी फावल्या वेळात लिहून सगळ्यांसाठी खुली ठेवलेली. "आपला संसार दुसऱ्यांच्या जिवावर," ताई म्हणायची. म्हणताना तिला लाज वाटायची नाही, बरंच वाटायचं.

खिडकीजवळच्या संगणकाला स्क्रीन नव्हता. तो काकांचा. काका पूर्वी पियानोंना सूर लावत. डोळे उतारवयात गेले. संगणक मजकूर मोठ्याने वाचायचा, काका हेडफोन लावून ऐकायचे. त्यांचा स्क्रीन ताईने कधीच मुलांच्या विभागाला देऊन टाकला होता.

यंदा सिस्टीमची नवी आवृत्ती आली. जुनीला आता दुरुस्त्या मिळणार नव्हत्या. ग्रंथपालांनी बजावलं, "महिनाअखेरीपर्यंत जे संगणक नव्या आवृत्तीवर चालणार नाहीत, ते भंगारात." काकांच्या घरी दुसरी सोय नव्हती, आणि ते ऐकत असलेली कादंबरी अर्ध्यावर होती.

महिना संपायच्या आदल्या दिवशी ताईने काकांचा संगणक आपल्या टेबलावर आणला, नवी आवृत्ती चढवली. तो खणखणीत बोलला. निश्चिंत होऊन तिने तो परत खिडकीजवळ ठेवला. काकांनी बटण दाबलं. संगणक मूग गिळून बसला.

"काय गं, रुसला का हा?"

"आत्ता तर बोलत होता हो!"

पुन्हा टेबलावर नेला. बोलला. पुन्हा खिडकीजवळ आणला. ढिम्म.

"तुझ्याशी बोलतो, माझ्याशी नाही," काका म्हणाले. "आमची ही पण अशीच करायची."

ताईला हसू आलं नाही. काकांनी संगणकाच्या डब्याला कान लावला. "आत खुडखुड होते आणि एकदम थांबते. हा बिघडलेला नाही गं. कुणाची तरी वाट बघतोय."

ताईने कपाळावर हात मारून घेतला. संगणक चालू झाला की आधी एक प्रोग्रॅम जागा होतो आणि बाकीच्यांना एकेक करून उठवतो. आधी कोण, मागून कोण, तोच ठरवतो. नव्या आवृत्तीत तो बदलला होता. स्क्रीन तयार झाल्याशिवाय तो आवाजाला उठवत नव्हता. टेबलावर तिने सवयीने स्वतःचा स्क्रीन जोडला होता. ज्याला स्क्रीन लागतच नाही असा माणूस कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. तिच्याही नाही, आणि तिला तर तो रोज भेटायचा.

स्क्रीनची वाट पाहायला सांगणारी प्रोग्रॅममधली ती एक ओळ तिने काढून टाकली. काकांनी बटण दाबलं. त्यांची मान हळूच तिरकी झाली.

"बोलला का?"

"गप्प बस जरा. नायिका अजून स्टेशनवरच उभी आहे."

ताईचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी तिने ही चूक, आणि काकांनी ती कशी ओळखली तेही, सिस्टीम लिहिणाऱ्यांना कळवलं. कुठल्याशा दूरच्या गावातून कुणीतरी उत्तर दिलं: "आमच्या लक्षातच आलं नाही. लगेच सुधारतो. त्या गृहस्थांना आमचे आभार सांगा."

ताईने हे सांगितलं तसे काकांनी हेडफोन काढले. "माझे आभार? हे उलटंच झालं की! त्यांना लिही, तुमच्यापैकी कुणाकडे बेसूर पियानो असेल तर कळवा. कान शाबूत आहेत माझे. फुकट लावून देईन."

ताईने शब्दही न बदलता ते पाठवून दिलं.