काकूंची काडतुसं

"हात मागे. व्हिसा आहे तुझा."

हे वाक्य मी काकूंच्या किचनमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणाच्याही घरी साखरेचा डबा उघडताना माझा हात दचकतो. आम्हा स्टुडंट व्हिसावाल्यांना इकडे हंटिंग लायसन्सशिवाय बंदूक काय, साधं काडतूससुद्धा हातात घेता येत नाही. आणि काकूंच्या डायनिंग टेबलवर, जिथे तुमच्या ओळखीच्या काकूंकडे लोणच्याच्या बरण्या असतील, तिथे काडतुसं भरायचं मशीन होतं.

म्हणजे बाकी सगळं अगदी तुमच्या काकूंसारखंच बरं का. स्टेट कॉलेज नावाच्या गावात त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघी भाड्याने राहायचो. आमच्यातली एक जरी शिंकली तरी खालून काढा यायचा. गणपतीला मोदक यायचे. फक्त शनिवारी सकाळी काकू डिकीत शॉटगनची लांब पेटी टाकायच्या आणि हाक मारायच्या, "चल गं, खुर्ची आणि थर्मास धर. त्याला व्हिसा लागत नाही."

नागपूरला कॉलेजात एनसीसीत असताना नेम धरायला शिकल्या होत्या. इकडे आल्यावर काकांबरोबर नेमबाजीच्या क्लबात जायला लागल्या. काका गेले, काकू जातच राहिल्या.

आता मेन गोष्ट. मला कळली तेव्हा मी आठवडाभर लॅबमध्ये सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं, सो तुम्हीपण ऐका. काडतुसात शिशाचे छर्रे असतात. बार उडाला की मागच्या धक्क्याने ते एकमेकांवर चेपतात, आणि चेपलेला छर्रा सरळ जात नाही, कुठेतरी भरकटतो. म्हणून काकू छर्ऱ्यांच्या मधल्या फटींमध्ये एक पांढरी बारीक प्लास्टिकची पावडर भरायच्या. त्याला म्हणतात बफर.

"मुलाला कुरिअरने चकल्या पाठवते तेव्हा डब्यात काय भरते मी?"

"कुरमुरे."

"मग झालं तर."

मी एक्साइट होऊन म्हटलं, "काकू, सेम रव्यासारखं दिसतंय. रवाच टाकला तर? स्वस्तात काम."

काकूंनी चष्मा काढला. "रवा उपम्यात. इथे पुस्तकात लिहिलंय तेच आणि तेवढंच. नाहीतर बंदूक तोंडावर फुटते." हे त्या बाई सांगत होत्या ज्या पोह्यात मीठ न बघता टाकायच्या, फोनवर बोलता बोलता.

हवेत उडणाऱ्या मातीच्या बशांवर मात्र त्या साधी काडतुसं वापरायच्या. "बशी जवळ असते, तिथे पसारा चालतो. शिकारीत लांबच्या टर्कीला नाही. तिला अर्धवट लागून ती झाडीत गेली, तर तिचे हाल मला लागतात."

पण गेल्या ऑक्टोबरात काकूंचं घर विकलं गेलं. मुलगा त्यांना देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोला न्यायला आला. चांगला माणूस आहे दादा, फक्त आईच्या नेमबाजीची त्याला लाज वाटायची. ऑफिसात सांगायचा, "आई वॉकिंग ग्रुपला जाते." आल्या आल्या म्हणाला, "आई, तिकडे हे काही आणायचं नाही हं. घरात बाळ आहे."

"बरोबर आहे त्याचं," काकू मला म्हणाल्या. बंदूक क्लबातल्या एकाला द्यायचं ठरवूनही टाकलं, फक्त शनिवारपर्यंत ठेवून घेतली. "एकदा बघावं त्यानं. जिंकताना बघितलं तर बरंच. पण बघावं."

शनिवारी टर्की शूट होतं. गावाबाहेर फायर ब्रिगेडच्या मैदानात दर फॉलला, म्हणजे पानगळीत, होतं. समोर कागदाचं कार्ड, मधोमध फुली, प्रत्येकाला एकच बार. ज्याचा छर्रा फुलीच्या सगळ्यात जवळ, त्याला फ्रोझन टर्की. शेवटच्या राउंडला आपापली काडतुसं चालतात. आणि त्या राउंडला दरवर्षी डेल जिंकायचा. डेल म्हणजे काकूंचा क्लबातला दोस्त, वय झालेला, दाढीवाला, अत्यंत चिडवणारा.

"ही टर्की पण माझ्याच घरी चाललीय, यंग लेडी," तो काकूंना म्हणाला.

"चावायला दात आहेत का तुला?" काकू म्हणाल्या. त्यांचं इंग्लिश भांडताना फर्स्ट क्लास व्हायचं.

दादा मागे उभा होता, फोनमध्ये. काकूंनी वळून पाहिलं. मी त्याला कोपराने ढोसलं. त्याने फोन खिशात टाकला, आणि काकूंनी बार काढला.

कार्डं आणली. डेलच्या कार्डाला गोवर झाल्यासारखं वाटत होतं, इकडे तिकडे सगळीकडे ठिपके. काकूंच्या कार्डात बशीएवढं एकच भोक, बाकी कागद कोरा. पार्टीत आपली सगळी मराठी मंडळी एका कोपऱ्यात जमतात ना, तसे सगळे छर्रे एकत्र. फक्त तो कोपरा फुलीपासून केसभर डावीकडे होता. आणि डेलचा एक भरकटलेला छर्रा बरोब्बर फुलीवर.

"विनर, डेल," आयोजक म्हणाला.

"एक्स्क्यूज मी." हा दादाचा आवाज होता. "हे कसं काय? हिचे सगळे एका जागी आहेत. त्याचा एक लागलाय, तोही चुकून."

"रूल तसाच आहे, सर."

"मग रूल चुकीचा आहे. पट्टी आणा. पट्टी आहे का कुणाकडे?"

"अरे, माणसं बघतायत," काकू त्याची बाही ओढत कुजबुजल्या.

"बघू देत ना आई. आंधळेपणा आहे हा."

पट्टी आली. मोजलं. काकू हरल्याच. पण यार, त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. परतताना दादा गाडी चालवत होता आणि कार्ड डॅशबोर्डवर होतं. सिग्नलला थांबल्यावर त्याने विचारलं, "आई, ती पावडर नक्की करते काय?" घर येईपर्यंत काकू बोलतच होत्या.

आता खालच्या मजल्यावर युनिव्हर्सिटीतला एक पोस्टडॉक राहतो. शिंकलं तर काही येत नाही. दादाने या ऑक्टोबरच्या टर्की शूटसाठी इकडची दोन तिकिटं काढलीयत, एक काकूंचं, दुसरं स्वतःचं. हे सांगायला मी डेलला भेटले, तर तो मला गॅरेजमधल्या फ्रीजरपाशी घेऊन गेला. गेल्या वर्षी जिंकलेली टर्की तशीच होती, वरच्या कागदावर मार्करने काकूंचं नाव, स्पेलिंग चुकलेलं. बायको आइस्क्रीमला जागा नाही म्हणून रोज ओरडते, म्हणाला.

"खाल्ली का नाही?" मी विचारलं.

"ती आली की खाऊ," डेल म्हणाला, आणि झाकण लावलं.