ग्रहणातली भेंडी आणि वैश्विक किरण

ग्रहणाच्या दुपारी घरात आम्ही तिघेच होतो: मी, बायको आणि तिसरा महिना लागलेली आमची मुलगी मीरा. मीरा हवाईसुंदरी आहे. ती विळीवर भेंडी चिरत बसली होती.

"ठेव ती विळी. ग्रहणात दोन जिवांच्या बाईनं चिरू नये," बायको म्हणाली.

"सावलीनं काही होत नाही, आई. भीती वैश्विक किरणांची. म्हणून तर जमिनीवरचं काम मागायचंय. अर्ज लिहिलाय, पण पाठवला नाही; उडणं सोडवत नाही."

हे किरण येतात कुठून, मी विचारले. ते अतिसूक्ष्म कण असतात, मीरा म्हणाली; काही सूर्याकडून येतात, बरेचसे फुटलेल्या दूरच्या ताऱ्यांकडून. सर्वांत जोरकस कुठले, ते अजून कोणालाच नक्की ठाऊक नाही. जमिनीवर आपल्याला हवेचे पांघरूण असते. विमानाच्या उंचीवर ते विरळ होते.

"म्हणजे तुझं संकटही दिसत नाहीच की!" बायको म्हणाली.

"पण मोजता येतं."

मोजता येते म्हटल्यावर मला बरे वाटले. "मग धोका किती?"

"थोडा. पण माझ्याच बाळाला किती, ते कोण सांगणार, बाबा?"

कुठला तरी तारा कधीचा फुटला, त्याची झळ आमच्या न जन्मलेल्या नातवंडाला का लागावी? बाहेरचे ऊन मळकट झाले होते.

मीराने फोन उचलून अर्ज पाठवला. मग विळी मिटली. यातले कोणते तिने बाळासाठी केले आणि कोणते आईसाठी, ते मला अजून उलगडलेले नाही.